एकवीस पत्री आणि खाडीकाठची तिवरे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेच्या सायंकाळी, पनवेलच्या किंवा वाशीच्या बाजारात फेरफटका मारला, तर झेंडू-शेवंतीच्या राशींच्या पलीकडे, रस्त्याच्या अगदी कडेला, पोत्यावर मांडलेले हिरव्या पाल्याचे वाटे दृष्टीस पडतात. डोंगरपायथ्याच्या वाड्यांवरून आलेल्या स्त्रिया ते घेऊन बसलेल्या असतात. ‘पत्री घ्या, गणपतीची पत्री!’ अशी हाक कानी येते. आपण वाटा उचलतो, पिशवीत टाकतो आणि पुढे जातो. त्या वाट्यात कोणती पाने आहेत, हे पाहण्याइतकी सवड आज कोणास आहे? पूजेच्या वेळी गुरुजी एकेक नाव उच्चारतात आणि यजमान हाताला येईल ते पान मूर्तीच्या चरणी ठेवतो. नाव एका वनस्पतीचे, पान दुसऱ्याच!

आणि तरीही ही नामावळी विलक्षण आहे. मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुनसादडा, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि अगस्ती अर्थात हादगा, अशी ही एकवीस नावे. प्रांतपरत्वे दोन-चार नावे बदलतात, पण यादीचा स्वभाव बदलत नाही. हिमालयातला देवदार सोडला, तर यांतील बहुतेक वनस्पती आपल्या परिसरातल्या. त्यांतही कित्येक अशा, की ज्यांना आपण एरवी तण म्हणून तुच्छ लेखतो. कोणी उकिरड्यावर वाढते, कोणी बांधावर, कोणी खाडीच्या काठी. यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. बोर, शमी, बेल, डोरली आणि केवडा काटेरी. रुई आणि पिंपळ चिकाळ. धोत्रा आणि कण्हेर विषारी. तुळस आणि मरवा उग्र गंधाचे. जणू कोणी वनस्पतिसृष्टीच्या शस्त्रागाराचीच सूची करून ती विघ्नहर्त्याच्या हाती सोपविली आहे.

पळता न येणाऱ्यांची शस्त्रे

हरिणावर वाघ धावून आला तर हरीण पळते. रोपावर शेळी चालून आली तर रोपाने काय करावे? त्याचे पाय जमिनीत रुतलेले. ज्या मातीत ते उगवले, तेथेच त्याने ऊन, पाऊस, शेजाऱ्याची सावली आणि भुकेल्या प्राण्याचे दात सोसावयाचे. अशा कोट्यवधी वर्षांच्या सोसण्यातून, जी रोपे थोडी अधिक कडू, थोडी अधिक बोचरी निघाली, तीच बी धरण्यापर्यंत तगली आणि त्यांचा गुण पुढच्या पिढीत उतरला. उत्क्रांती म्हणतात ती हीच. तिच्यात कोणाचा हेतू नाही. आहे ती केवळ दीर्घ, निर्मम निवड.

बोरीच्या फांदीकडे बारकाईने पाहावे. पानाच्या देठाशी काट्यांची जोडी असते. त्यांतील एक काटा सरळ, तर दुसरा मागे वळलेला. तोंड पुढे घालताना सरळ काटा टोचतो आणि मागे घेताना वाकडा अडकवतो. डोरलीने तर पानाच्या पृष्ठभागावरच, शिरांवर, काटे उभे केले आहेत. केवड्याच्या लांब पात्याच्या कडा करवतीसारख्या. अर्जुनाच्या पानाच्या तळाशी दोन बारीक गाठी दिसतात. या कुळातील झाडांच्या अशा गाठींतून गोड रस पाझरतो, मुंग्या त्या रसासाठी येतात आणि येता-जाता अळ्यांचा समाचार घेतात. हे झाले पहारेकरी ठेवणे.

परंतु खरे सामर्थ्य डोळ्यांना न दिसणाऱ्या शस्त्रांत आहे. तुळशीच्या पानाला जो सुगंध येतो, तो त्यातील युजेनॉलसारख्या तैलद्रव्यांचा. धोत्र्याच्या पानात अट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. ती प्राण्याच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. वनस्पतीच्या नित्य वाढीला या द्रव्यांची गरज नसते, म्हणून रसायनशास्त्रज्ञ पूर्वी त्यांना टाकाऊ उत्पादन समजत. ती कीटकांपासून संरक्षणासाठी घडली असावीत, हा विचार गॉटफ्रीड फ्रेंकेल या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ठामपणे मांडला आणि वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. आपल्या वैद्यांनी ज्यांना औषधी म्हटले, ती द्रव्ये मुळात झाडांची आयुधे आहेत. तुळस आपल्यासाठी सुगंधी झालेली नाही. तिच्या युद्धाचा प्रसाद तेवढा आपल्या वाट्याला आला आहे.

त्याच धोत्र्याची दुसरी बाजूही पाहावी. पान विषारी, पण फूल मात्र शुभ्र, सुवासिक, सायंकाळी उमलणारे. रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांना ते मध देते आणि त्यांच्याकडून परागांची ने-आण करून घेते. आघाड्याने तर खाणाऱ्यालाच हमाल केले आहे. त्याची टोकदार फळे चरणाऱ्या गुरांच्या केसांना आणि आपल्या धोतर-लुगड्यांना चिकटून मैलोन्‌मैल प्रवास करतात. एकाच प्राण्याशी वैरही करावयाचे आणि व्यवहारही, हे वनस्पतींचे राजकारण आहे.

रुई आणि तिचा जिवलग शत्रू

नव्या मुंबईत रुई पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. रेल्वेरुळांच्या कडेला, अर्धवट सोडलेल्या भूखंडावर, पुलाखालच्या भरावावर ती उभी असते. शेळी सहसा तिच्या वाटेस जात नाही. पान मोडताच पांढरा चीक भळभळतो. तो कीटकाच्या तोंडाला चिकटून सुकतो आणि त्याचे जबडेच बंद करतो. शिवाय त्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम व पोटॅशियम यांची अदलाबदल करणारा जो सूक्ष्म पंप असतो, तोच ही विषे अडवून धरतात. कण्हेरीचे विषही याच जातीचे.

इतका कडेकोट बंदोबस्त असूनही रुईचे पान उलटून पाहिले, तर पुष्कळदा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक देखणी अळी निर्धास्तपणे पान कुरतडताना आढळते. ही बिबळ्या कडवा नावाच्या तांबूस-केशरी फुलपाखराची अळी. ती आधी पानाचा देठ वा शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पलीकडचा भाग खाते. रुईवर्गातील झाडे खाणाऱ्या अनेक कीटकांत त्या पेशीतल्या पंपाचीच घडण किंचित बदललेली आढळली आहे. त्यामुळे विष त्याला नीट चिकटतच नाही. एवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. खाल्लेल्या विषातील काही अंश हे फुलपाखरू अंगात साठविते, भडक रंग मिरवते आणि पक्ष्याला जणू बजावते, की मला खाशील तर पस्तावशील. दुसऱ्या एका जातीची निरुपद्रवी मादी हुबेहूब याच रंगाचे वस्त्र नेसून फुकटचे अभयदान मिळविते, हे तर या नाट्यातील उपकथानकच!

झाडाने कुलूप करावे, कीटकाने किल्ली घडवावी. झाडाने कुलूप बदलावे, कीटकाने पुन्हा नवी किल्ली शोधावी. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरे व त्यांच्या खाद्यवनस्पती यांचा ताळा मांडून असे प्रतिपादिले, की वनस्पती आणि कीटक यांची जी अपार विविधता आपण पाहतो, तिचे मोठे श्रेय या परस्परांच्या झुंजीलाच आहे. शत्रुत्वातूनही सृष्टी समृद्ध होते, असा याचा अर्थ.

नमून जिंकणारी दूर्वा

आता या सर्वांत मानाची, गजाननाची प्रिय दूर्वा. तिला काटा नाही, चीक नाही, उग्र दर्प नाही. अनलासुराला गिळल्यामुळे गणेशाच्या देहाचा दाह झाला आणि ऋषींनी मस्तकी वाहिलेल्या दूर्वांनी तो शमला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण इतकी मृदू वनस्पती चरणाऱ्या गुरांच्या जगात टिकली कशी?

तिचे मर्म तिच्या वाढीच्या जागेत आहे. बहुतेक झाडाझुडपांची वाढ शेंड्याला होते. शेंडा खाल्ला की वाढ खुंटते. गवताचे पाते मात्र बुडाकडून वाढते. गाईने वरचे पाते ओरबाडले, तरी खालून नवे पाते वर सरकते. शिवाय हरळीचे धावते खोड जमिनीवर पसरते आणि दुसरे जमिनीखालून. पेरापेराला मुळे फुटतात. खुरांनी तुडविले, उन्हाने करपविले, तरी पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हिरवी होते. पुढे जाऊन असे म्हणता येईल, की चरणारी गाय ही दूर्वेची वैरीण नसून पाठीराखीण आहे. दूर्वेला ऊन हवे. सावलीत ती झुरते. तिचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे तिच्यापेक्षा उंच वाढून ऊन अडविणारी झुडपे. गुरे दोघांनाही खातात, परंतु खाल्ल्यावर पुन्हा उभे राहण्याचे कसब दूर्वेपाशी अधिक. शत्रूचे दात तिने स्पर्धकाविरुद्ध वापरून घेतले आहेत. पूजेसाठी आपण खुडतो ते कोवळे अंकुरच असतात, मुळे नव्हेत; म्हणजे श्रद्धाळू हातही तिच्या दृष्टीने एक चरणारे तोंडच होय, आणि तेही तिला सोसते.

गवताच्या पात्यात एक गुप्त हत्यार मात्र आहेच. त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांनी चरणाऱ्याचे दात झिजतात. हे कण पान कुजले तरी नष्ट होत नाहीत, आणि त्यांनीच महाराष्ट्राच्या मातीतून एक थोर साक्ष दिली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा या गावी डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. लखनऊच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे हे कण मिळाले. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, अशी तोवर समजूत होती. ती खोटी ठरली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, बेलापूरच्या मागे उभ्या असलेल्या पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण ज्या प्रचंड लाव्हाप्रवाहांतून घडला त्या युगाच्या आसपास, आपल्याच भूमीवर ते महाकाय प्राणी इतर पाल्याबरोबर गवतही खात होते. चौरंगावरच्या दूर्वांच्या जुडीमागे एवढी मोठी वंशावळ उभी आहे.

शत्रू मागे सोडून आलेले

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईचा आराखडा उभा राहू लागला. भातखाचरे, मिठागरे, गुरचरण आणि डोंगरउतार यांच्या जागी वसाहती, रस्ते व कारखाने आले. आगरी-कोळी गावांतली गुरे हळूहळू उणावली. गावाची पत्री ज्या बांधांवर आणि पडीक जागांत मिळे, त्या जागाच नाहीशा होत गेल्या.

उरलेल्या मोकळ्या जागांत आज कोण वाढते आहे? खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी किंवा कर्नाळ्याच्या वाटेवर पाहावे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत! ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. गाजरगवताची भारतातली नोंद १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच झाली. मायदेशी या वनस्पतींना खाणारे शेकडो कीटक आहेत. येथे येताना वनस्पती आली, शत्रू मागे राहिले. रुईला जसा बिबळ्या कडवा, तसा यांना येथे कोणी तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नाही. गुरेही घाणेरीला तोंड लावीत नाहीत, कारण तिचे पान विषारी. तिच्या शेजारची देशी झुडपे मात्र ती खातात. म्हणजे घाणेरीसाठी मैदान आपोआप मोकळे होते. तिची फळे पक्षी खातात आणि बी सर्वत्र पोचवितात. तिच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, तेथे आघाडा उगवत नाही, विष्णुक्रांता उमलत नाही. गाजरगवतावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात मेक्सिकोहून एक पर्णभक्षक भुंगेरा आणून बंगळूर येथून सोडण्यात आला. मागे राहिलेला शत्रू मुद्दाम बोलावून आणण्याचाच हा प्रयोग. त्याने काही ठिकाणी गवताला आळा बसला, सर्वत्र नव्हे.

येथे एक विरोधाभास मनाला चटका लावून जातो. एकवीस पत्रींनी काटे उगारले, विष साठविले, दात सोसले. कोट्यवधी वर्षे ज्यांनी भुकेल्यांना दाद दिली नाही, त्यांना सिमेंटच्या लादीपुढे आणि आपल्या अनोळखीपणापुढे मात्र हार मानावी लागत आहे. खाणाऱ्याशी कसे लढावे हे त्या जाणतात. विसरणाऱ्याशी कसे लढावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही.

विसर्जनाच्या वाटेवर

चतुर्थीला डोंगराची पत्री घरी येते आणि विसर्जनाला आपण खाडीकाठी जातो. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, कोठेही उभे राहिले तरी समोर तिवरांचे गर्द कांदळवन दिसते. तिवराची कथाही स्पर्धेचीच. खारट, प्राणवायुहीन चिखल त्याला आवडतो असे नव्हे. कित्येक कांदळ वनस्पती कमी खारट पाण्यातही चांगल्या वाढतात. पण तेथे इतर झाडे त्यांना टिकू देत नाहीत. म्हणून जेथे दुसरा कोणी येऊ धजत नाही, तेथे त्यांनी आपला संसार थाटला. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते आणि चिखलातून वर आलेल्या बोटांसारख्या मुळांनी श्वास घेते.

अलीकडच्या वर्षांत पावसाळा सरताना, गणेशोत्सव ते नवरात्र या सुमारास, खाडीकाठचे लोक अनेकदा भयचकित झाले आहेत. कालपर्यंत हिरवे असलेले तिवरांचे पट्टेच्या पट्टे तपकिरी, निष्पर्ण दिसू लागतात. कोणी विष टाकले, कोणी रसायन सोडले, अशा शंका उठतात. भूखंडांच्या लोभाने कांदळवने मारली गेल्याची उदाहरणे आपण पाहिली आहेत, तेव्हा ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. तिची चौकशी झालीच पाहिजे. परंतु पुष्कळदा याचे कारण वेगळे निघते. सागाची पाने फस्त करणारी म्हणून वनखात्याला जी सुपरिचित आहे, त्या हायब्लिया नावाच्या पतंगाची अळी तिवरावर उतरलेली असते. पूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ साग आणि तिवर यांना एकाच कुळात घालीत. आज ती कुळे निराळी मानली जातात, पण अळीने ते जुने नाते अजून सोडलेले नाही!

जवळ जाऊन पाहिले तर ओळख पटते. पानांच्या केवळ जाळ्या उरलेल्या असतात आणि रेशमी तंतूंना काळपट अळ्या लोंबत असतात. मग पक्ष्यांची झुंबड उडते, गांधीलमाशा येतात, आणि अळ्यांची विष्ठा चिखलात पडून खत होते. काही आठवड्यांत त्याच फांद्यांना नवी पालवी फुटते. खाडीपलीकडे विक्रोळीच्या कांदळवनात झालेल्या अभ्यासातही झाडे पुन्हा पानांनी भरल्याचे दिसून आले. अशा वेळी कीटकनाशक फवारण्याची मागणी होते, तेव्हा आपण थांबून विचार केला पाहिजे. फवारा अळीबरोबर तिच्या वैऱ्यांनाही मारील आणि पाण्यात उतरून कोळंबी, खेकडे व माशांच्या पिलांपर्यंत पोचेल. २०१५ मध्ये घोषित झालेले आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत आलेले ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य याच पाण्यावर जगते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या नाशावर कडक बंदी घातली, ती कुऱ्हाडीसाठी आणि भरावासाठी. अळीला त्या बंदीची गरज नाही; तिचा हिशेब तिवराने फार पूर्वीच मांडून ठेवला आहे.

जे झाड खाल्ले गेले ते मेलेच असे नव्हे, आणि जे हिरवे दिसते ते सुखरूपच असेही नव्हे. पानावरचे भोक ही सजीव सृष्टीची सही आहे. अळीने न शिवलेली, काचेसारखी निर्दोष पाने ज्या बागेत दिसतात, तेथे फुलपाखरू येत नाही आणि त्यामागून पक्षीही येत नाही.

अर्पणापूर्वीची ओळख

व्रताच्या मागे काय विचार होता, हे छातीठोकपणे सांगणे कठीण. पण जुन्या घरांतून त्याचा परिणाम काय होई, हे सांगता येते. चतुर्थीच्या पहाटे घरातले मूल परडी घेऊन आजोबांबरोबर निघे. बोरीचा काटा बोटात रुते, रुईच्या चिकाने हात माखे, आघाडा धोतराला चिकटे. परतताना एकवीस वनस्पती त्या मुलाच्या ओळखीच्या झालेल्या असत. पूजा घरी होण्यापूर्वी ती माळावर झालेली असे.

आज सोसायटीच्या सदनिकेत राहणाऱ्याला एकवीसही पाने मिळणे अशक्यप्राय आहे, आणि त्यासाठी टेकड्या ओरबाडण्याचे कारणही नाही. पाचच पाने आणावीत, पण ओळखून आणावीत. अंकुर खुडावेत, रोप उपटू नये. रुई-धोत्रा-कण्हेर हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि मुलांना त्यांचे विषही तितक्याच आदराने समजावून सांगावे. आवाराच्या कोपऱ्यात एक हादगा, एक डोरली, हरळीचा एक हातभर तुकडा राखावा आणि त्यांच्या पानांवर अळी दिसली तर तिला तिचा वाटा खाऊ द्यावा. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य कलशात द्यावे, तिवरांच्या मुळांवर नव्हे. त्या मुळांना श्वास घ्यावयाचा असतो.

आपण देवाला पान वाहतो, तेव्हा आपले असे त्यात काय असते? ते पान आपण घडविले नाही. ते उन्हाने, पावसाने, शेजाऱ्याच्या स्पर्धेने आणि अगणित भुकेल्या तोंडांनी घडविले. आपल्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ओळख. यंदा गुरुजी ‘अर्कपत्रं समर्पयामि’ म्हणतील, तेव्हा निदान हातात रुईचेच पान असावे. आणि ते एखाद्या अळीने कुरतडलेले असले, तर दुसरे शोधण्याची घाई करू नये.